टाच दुखायची थांबली

माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चप्पल अंगठ्यानं दाबून पाहतं, जणू आंबे घ्यायला आलंय. त्यात पळणारी मंडळी तर विचारूच नका. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून येतात आणि मलाच शिकवतात. अमरावतीत माझ्या बापानं तीस वर्षं चपला केल्या, पंधरा वर्षं मी करते आहे, पण रागिणीबाईला काय कळतं!

तिवस्याचे पंजाबराव त्या बुधवारी आले, तेही दाबतच. वय पंचावन्न, अंगानं काटक, सोबत मुलगी अपेक्षा. रविवारी त्यांना अकोल्यात एकवीस किलोमीटर पळायचं होतं. टाचेनं वर्षभर छळलं होतं, म्हणून एरवी वापरायला आधाराची चप्पल हवी होती. मी समजावलं की मऊ म्हणजे आधार नव्हे. चप्पल बोटांपाशी वाकावी, मधोमध वाकू नये. फडक्यासारखी पिळता येऊ नये. टाच खोलगट जागेत नीट बसावी. त्यांनी सगळ्याला मान डोलावली आणि दुकानातली सगळ्यात मऊ, मागे पट्टा नसलेली निळी जोडी उचलली.

"आता तर टाच दुखतबी नाई," ते म्हणाले. "दिवाळीपासून एकदम बंद. पळून पळून खोड मोडली तिची."

मी त्यांना आरशापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. सगळ्यांनाच सांगते. तिसऱ्या पावलाला डाव्या पायातली चप्पल निसटून फरशीवरच राहिली. पंजाबराव तसेच पुढे गेले, आरशापाशी वळले आणि म्हणाले की जोडी मस्त बसली आहे.

अपेक्षा हसली. बाप थट्टा करतोय असं वाटलं तिला. मला मात्र ती थट्टा वाटली नाही. माझ्या बापानं कितीतरी वर्षं कुष्ठरोग्यांसाठी चपला बनवल्या. चप्पल निसटली तरी न कळणारे पाय मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून पाहिलेत. शुगरनंही पाय तसेच होतात. शुगर आहे का विचारलं, तर दहा वर्षांपासून आहे म्हणाले, गोळी चालू आहे. मी त्यांना बसवून डोळे मिटायला लावले आणि डाव्या तळव्याला झाडूची काडी टोचली. जरा जोरानंच टोचली.

"टोचा ना," पंजाबराव म्हणाले. "मी तयार हावो."

अपेक्षाचं हसू तिथंच थांबलं. मी आडपडदा ठेवला नाही. टाच बरी झालेली नाही, पाय बधिर झालाय, असं सांगितलं. आधी डॉक्टर, आणि रविवारी पळायचं नाही. पाय गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, हेही सांगितलं. मग आतून बापाच्या पद्धतीची जोडी आणली. वर मऊ काळं रबर, खाली काटा न शिरणारा कडक तळ, मागे पट्टा.

पंजाबरावांनी ती हातातही घेतली नाही. "ह्या त्या लोकायच्या चपला हायेत," ते हळू आवाजात म्हणाले. "सोमवारी हिले पाहाले पाहुणे येऊन राहिले. माह्या पायात हे दिसलं तर दारातूनच वापस जातील थे."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना नको ते बोलले. ते उठून निघालेच होते, अपेक्षानं हाताला धरून बसवलं. शेवटी तडजोड झाली. आतलं रबर तेच ठेवून वर तपकिरी चामडं आणि झकास बकल लावून मी अशी जोडी करायची, की कुणाला संशय येऊ नये. अकोल्याहून परतताना रविवारी ते ती नेतील आणि पाहुणे येऊन गेले की मंगळवारी डॉक्टरकडे जातील. मी हो म्हणाले. तिथंच मी चुकले. जाताना एवढंच बजावलं की बूट घालण्याआधी उलटा करून झटकत जा, माझा बाप प्रत्येक रोग्याला हेच सांगायचा. पंजाबराव हसले. मी काय लहान पोर आहे का, म्हणाले.

तीन दिवस मी ती जोडी शिवत होते आणि प्रत्येक टाक्याला वाटत होतं की फोन करावा. शनिवारी केलाही. त्यांनी उचलला नाही.

रविवारी तीन वाजता दोघं आले. पंजाबरावांच्या गळ्यात पदक, चेहरा नुसता फुललेला. एकदाही थांबलो नाही, एकदाही दुखलं नाही, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. अपेक्षा वैतागलेली होती. अकोल्यात आत्याकडे मुक्काम होता, आणि सकाळी निघायच्या वेळेला आत्याच्या स्कूटीची किल्लीच सापडेना. बुटांच्या रॅकवरच्या खिळ्याला टांगलेली असते, ती गायब. सगळं घर पालथं घातलं, शेवटी ऑटो करावा लागला. आत्या अजून शोधते आहे, बसमध्येही तिचा फोन आला होता.

मी नवी जोडी पुढे ठेवली. ती पाहून पंजाबराव खूश झाले. स्टुलावर बसून उजवा बूट काढला, चप्पल घातली, बकल लावून पाहिलं. मग डावा बूट काढायला गेले. तो निघेना. त्यांनी नाडी पूर्ण सैल केली आणि जोरानं ओढला.

बुटातून किल्ली फरशीवर पडली.

पंजाबरावांनी वाकून किल्ली उचलली, पँटला पुसली आणि अपेक्षापुढे धरली.

"पाह्य, सापडली चाबी," ते हसत म्हणाले. "आत्याले फोन लाव."

अपेक्षानं किल्ली घेतली नाही. ती मोज्याकडे पाहत होती. पांढरा मोजा तळव्यापासून घोट्यापर्यंत लाल झाला होता आणि पायाखालची फरशी ओली होत चालली होती.

"काहून रडून राहिली वं?" पंजाबरावांनी तिला विचारलं. त्यांनी अजून खाली पाहिलं नव्हतं.