लसणाची वाट

लुआन आजोबांच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. मधोमध मळ काढून रोग बरे करणारे गंग मास्तर, हातात आजोबांच्या पाठीवर चिकटवलेली औषधी पट्टी. काल लावताना पांढरी होती, आज काढली तर काळीकुट्ट.

"हा बघा फुप्फुसातला मळ."

(गर्दीत हळहळ. दोघांनी आपली पाठ उघडी केली.)

आजोबांना न्यूमोनिया. ताप हटत नव्हता, एक वाक्य बोलायला मध्ये थांबावं लागत होतं. मू डॉक्टरबाईंच्या गोळ्या मात्र सून श्योउफांगनं कपाटात टाकलेल्या. कारण मास्तरांचं शास्त्र: गोळी पोटात जाते, फुप्फुस छातीत, मध्ये पडदा. गोळीला काय पंख आहेत? आमच्याकडे गोळीवर भरवसा नाही, साध्या खोकल्यालाही लोक सलाईनची बाटली मागतात, त्यांना हे लगेच पटलं.

(मध्यंतर. मास्तर स्वतःच्या साधनेबद्दल सांगतात. लसूण, कांदा आयुष्यभर वर्ज्य.)

एवढ्यात डॉक्टरबाई आल्या. भांडल्या नाहीत. स्वयंपाकघरात श्योउफांगला ठेचलेल्या लसणानं भरलेली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायला लावली आणि गप्पा मारत बसल्या. मास्तरांचं प्रवचन संपेना, ते बाईंच्या पथ्यावर पडलं. बऱ्याच वेळानं त्यांनी चुलीवरचा वाफाळता मांतोऊ, म्हणजे आमचा उकडलेला पाव, अंगणात आणला आणि मास्तरांच्या पेटीतली कोरी पट्टी त्याला गुंडाळली.

पट्टी काळी पडली.

"पावाची फुप्फुसं फारच खराब दिसतात, मास्तर," बाई म्हणाल्या. "की पट्टीतली भुकटी ओल लागली की काळी होते? घामाची काय, वाफेची काय."

मास्तर म्हणाले, हा पाव पापी माणसानं मळलाय.

मग श्योउफांग त्यांच्यासमोर गेली. तोंड घट्ट मिटलं आणि नाकानं लांब श्वास सोडला.

मास्तर दोन पावलं मागे सरकले. "अगं, लसूण चावून आलीस?"

"चावला नाही, मास्तर. नुसता गिळला, कॅप्सूलमधून. तुमच्या हिशेबानं तो पोटातच हवा. मग माझ्या श्वासात कसा आला?"

(आधी हसू. मग मास्तरांच्या पेटीचं झाकण बंद.)

बाईंनी सांगितलं ते साधं होतं. आतड्यातून रक्तात, आणि रक्त तर फेरी मारताना फुप्फुसातून जातंच. लसणाला जी वाट सापडते ती औषधालाही सापडते. पण आजोबांचा श्वास आणखी जड झाला, तर तडक मोठ्या दवाखान्यात.

श्योउफांगनं कपाट उघडलं. आजोबांनी गोळी गिळली. चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला न थांबता, एका दमात शिव्या घातल्या.

चमत्कार दिसला की आधी तो पावावर करून पाहा. आणि डॉक्टरांनी विचार करून दिलेलं औषध कपाटात ठेवू नका. कपाटातून मात्र फुप्फुसात जायला खरंच वाट नाही.