मक्याचा घोडा

खोटं असेल तर तोबा तळ्यातला काटेरी मासा माझ्या घशात आडवा बसो. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

पारासियानच्या बापानं ताडीच्या दुकानात फोन बाटलीला टेकवून उभा केला, चष्मा सदऱ्याला पुसला आणि एका बोटानं हत्तीपुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. त्याची ही पहिली चाल बघून दुकान हसायचं. आज कुणी हसलं नाही. समोर नाव कुणाचं आहे ते सगळ्यांना दिसत होतं.

आपल्या तळ्याकाठी पहिलं पोर झालं की बापाचं नाव बुडतं आणि पोराचं लागतं, तसा हा पारासियानचा बाप. पण त्या पोरालाच त्यानं टाकून सहा वर्षं झालेली. पारासियाननं आपल्याच कुळातली बायको केली. एका कुळातले म्हणजे भाऊबहीण. बाप भरल्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, ह्याचं नाव आता माझ्या तोंडातून निघणार नाही. पोरगा बायकोला घेऊन बाताम बेटावर गेला. नाव मात्र बापाला चिकटून राहिलं.

मग भाची तिआर्मानं त्याला फोनवरचं बुद्धिबळ दाखवलं. त्यात एक खेळाडू होता, 'मक्याचा घोडा', गुण सोळाशे चाळीस. म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. घरच्या पटातला एक घोडा कधीच तळ्यात पडला होता, त्याच्या जागी बापलेक कणसाचा तुकडा ठेवून खेळायचे.

"मामा, सरळ डावाला बोलवा की त्याला," तिआर्मा म्हणाली.

"मी बोलावणार नाही. यंत्रानंच समोर आणून बसवला, तर माझा काय दोष?"

पण यंत्र बसवतं बरोबरीच्यांना, आणि ह्याचे गुण सातशे नव्वद. मग काय, म्हातारा पेटला. रताळी सोलताना कोडी सोडवी, जाळं टाकताना चाली पुटपुटे. इतका, की त्याचा कोंबडासुद्धा अंगणात अडीच घरं चालायला लागला. दुकानात लोक विचारत, आज कुठल्या देशाच्या पोरानं धुतलं? तो म्हणे, ब्राझीलच्या, दुधाचे दात होते. असं दीड वर्ष. हजार, बाराशे, पंधराशे. आणि सोळाशे एकेचाळीसवर, त्या दुपारी, यंत्रानं बसवलं.

प्यादं सरकलं, पण पलीकडून बराच वेळ चाल आली नाही. मग आली. डाव रंगला. म्हाताऱ्यानं पलीकडचा वजीर मारला. आणखी दोन चालींत मात होती. तेव्हा पटाच्या कडेला अक्षरं उमटली.

"ही पहिली चाल आमच्याकडची. कूळ कोणतं तुमचं? काय म्हणून हाक मारू?"

अनोळखी माणसाला आपल्यात पहिलं हेच विचारतात. म्हाताऱ्यानं आपलं लहानपणचं नाव लिहिलं. ते त्यालाच कुणा परक्याचं वाटलं, म्हणून पुसलं. 'पा' लिहिलं. तेही पुसलं. घड्याळात दोन मिनिटं उरली होती.

"तोंडानं घेणार नाही म्हटलं होतं," तो शेजारी बसलेल्या तिआर्माला हळूच म्हणाला. "बोटाचं काय ग?"

"मामा, आधी चाल करा. वेळ संपतोय."

त्यानं चाल केली नाही. एकेक अक्षर शोधत 'पारासियानचा बा' इथवर आला, आणि घड्याळ शून्यावर गेलं. डाव हरला. गुण आठांनी उतरले.

तेवढ्यात समोर चौकट उघडली, 'पुन्हा एक डाव?' म्हाताऱ्यानं बोट काचेवर नेलं.

ती चौकट तेवढी मी पदरची घातली. पोराच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका विझला, आणि म्हाताऱ्यानं अर्धं राहिलेलं नाव पुसलं नाही, एवढंच झालं. कोंबड्याचं मात्र खरं आहे.