सात बंबवाले आणि एक टायर

आर्जेंटिनात रस्ता अडवल्याशिवाय सरकारला ऐकू येत नाही. म्हणून लोस चान्यारेस गावच्या सात निवृत्त बंबवाल्यांनी ठरवलं, हमरस्त्यावर टायर पेटवायचा, टीव्हीवाल्यांना बोलवायचं आणि पेन्शन वाढवून घ्यायची.

एदेल्मिरो बसुआल्दोला तर ती वाढ हवीच होती. उभी हयात आगी विझवून त्याने दोनच गोष्टी कमावल्या होत्या, धुराने खराब झालेली फुप्फुसं आणि ही पेन्शन. पेन्शन औषधाच्या फवाऱ्यालाही पुरत नसे. फवारा संपला की एदेल्मिरो खिडकीशी बसून श्वास ओढायचा, आणि बायको निल्दा उसन्या पैशांसाठी दारोदार फिरायची.

टायर आला. पण पेटवणार कोण? दुलिओ वाऱ्याचा अंदाज घेत बसला. रोसेंदोने भोवतालचं गवत खरवडलं. कोणीतरी पाण्याच्या बादल्या भरून आणल्या.

"अरे, आंदोलन करताय की पूजा मांडताय?" निल्दा करवादली. "आणा ती काडीपेटी इकडे!"

तिने टायर पेटवला. काळा धूर उठला, ट्रकवाले शिव्या घालू लागले, बाजूला निखाऱ्यांवर सॉसेज चढले आणि माते चहाचा पेला हातोहात फिरू लागला. सगळं कसं रीतसर चाललं होतं.

तेवढ्यात वारा फिरला. ठिणगी रस्त्यापलीकडच्या वाळक्या गवतात पडली आणि आग विधवा क्लोरिंदाच्या खुराड्याकडे निघाली. नेमकी त्याच वेळी टीव्हीची गाडी येऊन थांबली.

"फार नाही पसरायची ती! जागचे हलू नका!" निल्दा ओरडली.

पण म्हातारे केव्हाच पळाले होते. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, काही म्हणता काही आठवलं नाही. एदेल्मिरो दोन्ही हातांत बादल्या घेऊन हुकूम सोडत धावत होता. गवत विझलं. मग त्यांनी टायरही विझवला. हातासरशी सॉसेजखालच्या निखाऱ्यांवरही पाणी ओतलं.

"वा! झकास!" म्हणत कॅमेरेवाल्याने सामान आवरलं आणि गाडी गेली.

त्यानंतर एदेल्मिरो ओल्या टायरवर कोसळला. ओठ निळे पडले. फवारा नुसताच फुसफुसला, आत थेंब नव्हता. रोसेंदो सायकल हाणत गेला आणि उधारीवर नवा घेऊन आला तेव्हा कुठे एदेल्मिरोचा श्वास परतला. हे चित्र टिपायला तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळच्या बातम्यांत सात म्हातारे वाघासारखे धावताना दिसले. पेन्शन खात्याचा साहेब कौतुकाने हसला. "या वयातही काय ही तब्येत! अशा ठणठणीत माणसांआधी खरोखरच्या गरजूंचा विचार करायला हवा."

निल्दाने चप्पल उचलली. एदेल्मिरोचं मात्र साहेबाकडे लक्षच नव्हतं. तो पडद्याला नाक लावून बसला होता.

"बघ, बघ त्या दुलिओला! ज्वाळेच्या शेंड्यावर पाणी मारतोय, गाढव! किती वर्षं शिकवलं याला, मुळाशी मार म्हणून..." त्याला धाप लागली.

निल्दाने टीव्ही बंद केला आणि त्याची पाठ चोळत राहिली. राग आणि रडू तिला एकदमच येत होतं.

"उद्या मी टायर घेऊन थेट त्या साहेबाच्या दारात जाते," ती म्हणाली. "आणि जाण्याआधी तुम्हा सातही जणांना कोंडून घालते."