सतरा नंबरची टोपली

१९५४ साली सडक अर्जुनीच्या बिडी डेपोत केशोराव तपासनीस होते. गावोगावच्या बायका घरी बिड्या वळत आणि टोपलीत घालून गाडीवानाबरोबर डेपोत पाठवत. त्यातल्या बऱ्या-वाईट निवडणं हे केशोरावांचं काम. मात्र टोपली कुणाची, हे त्यांना कळत नसे. तिच्यावर नुसता नंबर असायचा. तो नंबर कुणाचा, ते मुनीम चुन्नीलालच्या कुलपातल्या वहीत.

याला कारण होतं. आधीचा तपासनीस चांगल्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा आणि पिशवीत भरून घरी न्यायचा. मेहुणीच्या पोकळ बिड्या मात्र मुकाट पास करायचा. तो पकडला गेला आणि तीन नियम झाले. टोपलीवर नाव नको. खराब बिडी मुनिमासमोर मोडायची. आणि आपल्या माणसाचं काम हाती आलंच, तर आपणहून सांगून बाजूला व्हायचं.

पावसाळा सरत आला असताना सतरा नंबरची टोपली आली. केशोरावांनी एक कट्टा, म्हणजे बिड्यांची जुडी, सोडला आणि हात थांबला. पानाचा वळसा उलटा होता, डावखुऱ्या हाताचा. तोंडाची घडी दोनदा दाबलेली.

सत्यभामा सात वर्षांची असताना त्यांनीच तिला शेजारी बसवून बिडी वळायला शिकवलं होतं. उजव्या हाताने जमेना म्हणून ती रडू लागली, तेव्हा ते म्हणाले होते, "डाव्यानं वळ बाई, रडतं कायले?" घडी सुटते म्हणून दोनदा दाबायची युक्ती तिची तिनंच काढलेली. हीच लेक चार वर्षांपूर्वी जंगलूशी लग्न करून दारात आली, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं होतं. राग वर्षभरात निवला. ते जंगलूच्या गावी, नवेगाव बांधला, त्याचं घर विचारत गेले, तर जंगलू लाकूडकटाईच्या कामावर बायकोला घेऊन दुसरीकडे गेलेला. कुठे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता दर मंगळवारी ते त्या टोपलीची वाट पाहत. बिड्या घट्ट असल्या की वाटे, पोरगी बरी आहे. शेजारी बसणारा दुसरा तपासनीस रामलाल चिडवायचा, "काऊन जी केशोभाऊ, त्या टोपलीतून सोनं निघून राहिलं का?"

दिवाळीनंतर बिड्या सैल येऊ लागल्या. आजारी असेल? कडेवर लेकरू असेल? विचारात केशोरावांनी नऊ सैल बिड्या पास केल्या. आठवडाभर त्या नऊ बिड्या त्यांना टोचत राहिल्या. त्या मेहुणीवाल्यात आणि आपल्यात फरक काय? पण सांगितलं, तर टोपली रामलालकडे जाणार. लेकीची तेवढीच खूण हाती होती.

मंगळवारी टोपली येताच ती न सोडता ते मुनिमाकडे गेले.

"मुनीमजी, सतरा नंबर रामलालले द्या. मागच्या खेपेले नऊ सैल बिड्या म्या पास केल्या. माह्या पगारातून कापा."

"क्यों भई?"

"माही पोरगी आहे."

चुन्नीलालचा आवाज चढला. "नाम किसने बताया?"

"कोनी नाही. हात ओरखला."

"बिडी देखके बेटी पहचान ली? कमाल है!" त्याने टाक उचलला. "नाव सांगा. लिहावं लागते."

चार वर्षांत ते नाव केशोरावांनी कुणापुढे घेतलं नव्हतं. "सत्यभामा," ते म्हणाले.

चुन्नीलालने कुलूप काढून वही उघडली. बोट खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. त्याने वही मिटली.

"गाव मत पूछना. नियम है."

"नाही इचारत."

"पर पगाराच्या दिवशी ती मागच्या खिडकीवर येते. निरोप द्यायले मनाई नाही."

केशोराव म्हणाले, "पान नीट भिजव म्हना. वाळल्या पानाची बिडी सैल बसते."

"बस? इतनाही?"

"तेवढंच सांगा."

चुन्नीलालने टोपली उचलून रामलालपुढे ठेवली. रामलालने कट्टा सोडला, बिड्या दाबून पाहिल्या आणि एक मोडली. केशोराव आपल्या जागेवर येऊन बसले आणि त्यांनी पुढची टोपली ओढली. पगाराला अजून अकरा दिवस होते.