रेघ काढा, मावशी

मी माती बोलतेय. नदीकाठची नव्हे, मेण मिसळलेली, तपकिरी, भट्टीत ऊन करून वापरायची. मोटारी बनवणाऱ्या कंपनीत नवी गाडी पत्र्याची होण्याआधी माझी होते. सांगाड्यावर मला थापतात, पट्टीनं खरवडतात, वर चंदेरी कागद ताणून बसवतात आणि मग साहेबलोक मला पाहून म्हणतात, "काय वेग आहे!" उभ्या जन्मात मी वीतभरही पुढे सरकलेली नाही.

माझी पहिली गाडी बेताची होती. चार दारं, बुटकं छप्पर, छोटी पण आलिशान, आणि पळायला चपळ. तिला आकार देणारे मामा फार कमी बोलायचे. त्यांनी दिव्यापासून मागच्या टोकापर्यंत अंगठ्यानं एकच रेघ ओढली. पुढे खोल, दारांवर हलकी, मागे जाता जाता विरणारी. शेजारी त्यांची भाची उभी होती, नुकतीच कामाला लागलेली.

"ही कशाला हो, मामा?"

"उभी असली तरी निघाल्यासारखी दिसली पाहिजे. नाहीतर कपाट काय वाईट?"

त्या रेघेनं गाडीचं नाव काढलं. लोक तिला लांबूनच ओळखू लागले.

मग दुसरी पिढी आली. मला खरवडून, ऊन करून पुन्हा थापलं. साहेब म्हणाले, "थोडी लांब करा, गिऱ्हाइकाचे पाय अवघडतात." तिसऱ्या पिढीला गिऱ्हाइकाचं पोट अवघडायला लागलं, म्हणून रुंद केली. चौथ्या खेपेला समोरची जाळी एवढी वाढवली, की गाडी रागावलीय की जांभई देतेय ते मलाही कळेना. जाहिरातीत मात्र ती 'छोटी'च राहिली. घरातल्या धाकट्याला पन्नाशीतही बाळ्या म्हणतात, तशातली गत.

मधल्या काळात मामा गेले. भाचीची मावशी झाली. सगळा विभाग तिला मावशीच म्हणतो. दर पिढीला साहेब रेघेवर घसरायचे. "जुनाट दिसते ती. रेघ काढा, मावशी."

मावशी अंगठा टेकवून आणखी ठळक रेघ काढायची आणि निरोप धाडायची, "काढली, साहेब."

साहेब तणतणायचे, तिला घरी बसवायची भाषा करायचे. तोवर मालकांना रेघ आवडलेली असायची. मला त्या बाईचा फार अभिमान वाटायचा.

गेल्या वर्षी ठरलं, छोटी गाडी बंद. लोकांना आता उंच गाड्या हव्यात. मला एका धिप्पाड सांगाड्यावर थापलं आणि साहेब आले ते अगदी गोडीत.

"मावशी, नाव आपण जुनंच ठेवतोय. लोकांना वाटलं पाहिजे, तीच गाडी आहे. तेवढी तुमची ती रेघ काढा."

मावशीनं रेघ ओढली. उंच अंगावर ती भिंतीला तडा गेल्यासारखी दिसत होती. मावशीनं माझ्या कुशीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रागावू नकोस गं," ती मला म्हणाली. "पण ही मामांची आहे. ती ह्यांच्या खोट्याला द्यायची नाही मला."

आणि तळव्यानं तिनं सगळं सपाट केलं. मला वाईट वाटलं. चार जन्म अंगावर वागवलेली खूण होती ती.

"काढली, साहेब," तिनं कळवलं.

चंदेरी कागद चढवून मला दालनात उभं केलं. छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्यूबलाइट. त्यांचा उजेड कागदावर दिव्यापासून मागपर्यंत रेघेसारखा सरळ पडला होता. साहेबांनी पाहुण्यांसमोर त्या उजेडावरून हलकेच बोट फिरवलं.

"ही पाहा आमची परंपरा! पहिल्या गाडीपासून जशीच्या तशी."

टाळ्या पडल्या. मावशीनंही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात. मग नाक पुसत ती बाहेर गेली.

आता माझ्यावरून मापं घेऊन झालीत. लवकरच ती उंच गाडी जुनं नाव लावून तुमच्या रस्त्यावर येईल. हौसेनं घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त एक विनंती आहे. पाहुण्यांना दाखवायची असेल, तर उजेडात उभी करा. सावलीत परंपरा दिसत नाही.