वाचले आणि समजले

सोमवारी सकाळी अनीश मुळ्येने चौदा ऑपरेटरांकडून चुकीच्या कागदावर सह्या घेतल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या मिश्रणाची नवी सूचना फिरवायची होती. फाइलला तिच्याऐवजी शिफ्टच्या बसचं वेळापत्रक लागलं: धार, सकाळी पाच चाळीस, घाटाबिल्लौद, सहा दहा. खाली छापलेलं होतं, 'पढ़ा और समझा'. त्याच्यापुढे चौदा सह्या होत्या. कुणी हसलं नव्हतं, कुणी कागद परत आणून दिला नव्हता. संग्रामने तर सहीखाली दोन ठिपकेही दिले होते.

हिंदी मुलखातल्या पीथमपूरच्या त्या औषध कारखान्यात अनीश नऊ वर्षं शिफ्ट सुपरवायझर होता. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लोक बेसावध असतात, हे त्याला माहीत होतं. पण चौदाच्या चौदा?

त्याने कागद घडी करून खिशात टाकला आणि दुपारच्या जेवणात उर्वीला बाजूला बोलावलं. उर्वी धारची, जुन्या मराठी घरातली. चौदा जणांत काम तिचंच सर्वांत स्वच्छ होतं, आणि वर्षाअखेरीस जी एक जागा पक्की होणार होती ती तिला मिळेल असं सगळे धरून चालले होते.

"हे वाच," तो म्हणाला.

तिने कागद घेतला. बराच वेळ पाहिला. "धा... र," ती म्हणाली. मग थांबली. "दादा, तुम्ही एकदा बोलून दाखवा ना. एकदा ऐकलं की मी विसरत नाही."

कारखान्यात ती त्याला सर म्हणायची. दादा ती पहिल्यांदाच म्हणाली.

महामारीत शाळा बंद पडल्या तेव्हा ती सहावीत होती. घरात फोन एकच. दुसऱ्या लाटेत वडील गेले, तेव्हा फोनही विकला. आई, बकुळाताई, पापडाच्या कारखान्यात लागली; उर्वी तिच्याबरोबर जाऊन पाकिटं चिकटवू लागली. शाळा उघडली तेव्हा तिला थेट आठवीत बसवलं. दहावीला आई गाइड वाचायची आणि ही पाठ करायची. अठ्ठावन्न टक्के मिळाले.

"बाकीचे?" अनीशने विचारलं.

"सगळे असेच. सतवासचा संग्राम थोडीफार अक्षरं जोडतो, पण पान संपेपर्यंत शिफ्ट संपते." ती हसली, मग तिचं हसू गेलं. "मॅनेजर साहेबांना सांगू नका. इथून काढलं की एजन्सी नाव कापते. मग पीथमपुरात कोणी घेत नाही."

अनीशने सांगितलं नाही. त्याच आठवड्यात कामगार पुरवणाऱ्या देवासच्या एजन्सीने रिकाम्या दोन जागांसाठी चाळीस उमेदवार पाठवले. सगळ्यांचं वय अठरा-एकोणीस, सगळ्यांकडे दहावीचं प्रमाणपत्र. त्याने प्रत्येकासमोर पाच ओळींचा उतारा ठेवला. सहा जणांनी तो नीट वाचला. त्या सहांपैकी पाच जण दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपन्यांत गेले आणि सहावा आलाच नाही. एजन्सीचा माणूस फोनवर म्हणाला, "भिया, इस उमर का माल ऐसा ही आ रहा है. अभी चार-पाँच साल ऐसा ही आएगा."

माल. अनीशने फोन ठेवला.

मग त्याने एक पद्धत पाडली. शिफ्ट सुरू होताना चौदा जण मिक्सरसमोर उभे राहायचे, तो सूचना मोठ्याने वाचायचा आणि ते मास्कच्या आतून एका आवाजात म्हणायचे. "सर तो रेडियो हो गए," संग्राम म्हणायचा. काम सुधारलं. सहा आठवड्यांत एकही बॅच बाद झाली नाही. प्लांट मॅनेजर उमाशंकर यांनी बैठकीत अनीशचं नाव घेतलं.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी, अकराच्या सुमारास, अनीशला खालचं रॅक रिकामं दिसलं.

तिथे एक ड्रम असायला हवा होता. वजन करून उरलेली मूळ औषधाची पूड त्या ड्रममध्ये राहते, आणि तो खालच्या रॅकवर कुलपात जातो.

"ड्रम कहाँ है?"

"धुवायला गेला, सर," उर्वी म्हणाली. "खाली करून दिला."

"कुठे खाली केला?"

तिने फिरत्या मिक्सरकडे बोट दाखवलं.

त्याने लाल बटण दाबलं. आतल्या मिश्रणातून निघणारी प्रत्येक गोळी आता जवळजवळ दुप्पट ताकदीची झाली असती.

भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, सूचना चिकटवलेली होती. सातवी पायरी: 'बचा हुआ ड्रम नीचे रखना है.' अनीशला सकाळचा स्वतःचा आवाज आठवला. तो जन्माने नाशिकचा. घाईत त्याची हिंदी मराठीत घसरते. तो म्हणाला होता, "बचा हुआ ड्रम खाली रखना है." त्याच्या मनात खाली म्हणजे खालच्या रॅकवर. ऐकणाऱ्यांची शाळा हिंदी. त्यांच्यासाठी खाली म्हणजे रिकामा. चौदा जणांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं होतं, समोर कागद असताना.

मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. सहा आठवड्यांत आपण आणखी काय काय बोललो असू? त्या गोळ्या केव्हाच बाहेर गेल्या होत्या.

चौकशी तीन वाजता उमाशंकर यांच्या खोलीत झाली. टेबलावर सूचनेच्या दोन प्रती होत्या. एकीवर उर्वीची सही.

"साइन तुम्हारा है?"

"हाँ, साहब."

"गलती मेरी है," अनीश म्हणाला. "मैंने नीचे की जगह खाली बोल दिया."

"बोल दिया?" उमाशंकर यांनी चष्मा काढला. "आप बोलते क्यों हैं, मुळ्ये जी? काग़ज़ दीवार पर है. ये लोग पढ़ते नहीं क्या?"

अनीशने तोंड उघडलं. खरं कारण एका वाक्याचं होतं, आणि त्या वाक्यात चौदा नोकऱ्या जात होत्या.

"पढ़ते हैं," उर्वीच बोलली. "मैंने पढ़ा था, साहब. ध्यान नहीं रहा. मेरी गलती."

निष्काळजीपणाला आठ दिवस घरी बसवतात. ती परत येऊ शकली असती. अनीशला तिचा हिशेब कळला.

उमाशंकर यांनी एक प्रत तिच्यापुढे सरकवली, दुसरी स्वतःकडे ठेवली. "अच्छा. तो पढ़ के सुनाओ."

उर्वीने कागद दोन्ही हातांत धरला. नजर ओळींवरून बरोबर डावीकडून उजवीकडे जात होती. आवाज स्पष्ट होता, कुठेही अडखळला नाही. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. उमाशंकर यांचं बोट त्यांच्या प्रतीवर तिच्याबरोबर सरकत होतं. त्यांची मान हलू लागली होती, समाधानाने.

"सात," उर्वीने वाचलं. "बचा हुआ ड्रम खाली रखना है."

बोट थांबलं.

ती पुढे गेली. आठ, नऊ, दहा. पान संपलं तेव्हा तिने कागद टेबलावर व्यवस्थित ठेवला आणि दोघांकडे पाहिलं. काय झालं ते तिला कळलं नव्हतं.

"बाकी तेरह को बुलाइए," उमाशंकर हळू आवाजात म्हणाले. "एक-एक करके."

अनीश बाहेर आला. तेरा जण भिंतीला टेकून उभे होते. दार पातळ होतं; त्यांनी सगळं ऐकलं होतं. कुणाच्याच तोंडावर मास्क नव्हता, आणि सगळ्यांचे ओठ हलत होते.

संग्राम पुढे आला. "सर, जल्दी से एक बार बोल दो ना," तो कुजबुजला. "सात नंबर में क्या है?"

अनीशच्या मागे, उघड्या दारात, उमाशंकर येऊन उभे राहिले होते.