उंबऱ्यातला याकोव्ह

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पीडी गावात, टेकडी पोखरून केलेल्या घरात, दारासमोरच्या दगडी कोनाड्यात मी एकटा पडून असतो.

आमच्या घराला खिडकी नाही. आत काळोख आणि दाराबाहेर डोळे दिपवणारं ऊन. त्यामुळे दारात उभ्या माणसाचा फोटो काढला, की एक तर माणूस काळा यायचा, नाहीतर बाहेरचं सगळं पांढरंफटक. माझ्या मालकिणीला, झोर्काला, एकाच फोटोत दोन्ही हवं होतं. नवऱ्याचा चेहरा, आणि त्याच्यामागे ओपलच्या रत्नांसाठी त्याने चाळीस वर्षं उकरलेल्या मातीचे ढीग. याकोव्हचं हृदय थकलं होतं आणि अ‍ॅडलेडच्या इस्पितळात जायचा दिवस ठरला होता.

झोर्काने मला लागोपाठ तीन फोटो काढायला लावलं. एक काळोखा, एक मध्यम, एक उजळ. मग संगणकावर तिन्हींचा एक करायचा. पण याकोव्ह एका जागी ठरेल तर शपथ. त्याला तीन नाकं यायची.

"तीन नवरे झाले तुला," तो म्हणाला. "एकाची कटकट पुरत नव्हती?"

"तिन्ही सारखेच वांड," म्हणत तिने तो फोटो पुसला. असे कितीतरी पुसले.

शेवटी तिच्या ध्यानात आलं. उन्हातून घरात शिरणारं आमच्याकडचं प्रत्येक माणूस आतलं दिसू लागेपर्यंत उंबऱ्यात थांबतं. तिने तीन फोटोंमधला वेळ होईल तितका कमी केला आणि मला तिपाईवर घट्ट बसवलं. जायच्या सकाळी याकोव्ह गाडीत बॅग ठेवून विसरलेली टोपी न्यायला परतला आणि उंबऱ्यात थबकला.

"झोर्का, कुठे आहेस? काही दिसत नाही गं."

"इथेच आहे," ती म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

फोटो पाहायला सगळा शेजार लोटला. माझंही फार कौतुक झालं. याकोव्ह मात्र परत आला नाही.

आता हेच काम फोन एका टिचकीत करतो. मला कोणी विचारत नाही. क्वचित झोर्काच येऊन माझं बटण दाबते. समोर नुसतं दार असतं. तिन्ही फोटो केसाचाही फरक न पडता जुळतात, आणि मला रडू येतं.

"तीन नाकांचा एक तरी ठेवायला हवा होता," असं ती परवा मला म्हणाली.

मित्रांनो, माझ्या भिंगावरची धूळ राहू द्या. तुमच्या घरातला हललेला फोटो मात्र पुसू नका.